फंडाच्या बाजूने येऊन आमच्या हिशेबाला बसणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या व्हेंचर फंडाने (नव्या कंपन्यांत भांडवल घालणाऱ्या संस्थेने) आमच्यात पैसे गुंतवले, त्याचे आभार तेव्हाच मानून झाले. हे पत्र तुमच्या वेळेबद्दल आहे. ते जाहीर लिहितोय, कारण तुमच्यासारखी माणसं नेमकं काय करतात हे नव्या संस्थापकांना फारसं ठाऊक नसतं. अमेरिकेत 2009 साली सुरू झालेल्या आंद्रीसन होरोविट्झ या फंडाने भरती, विक्री, प्रसिद्धी यांसाठी स्वतंत्र माणसं ठेवली आणि ती पद्धत पसरत गेली. आता आपल्याकडेही अनेक फंडांत कंपन्या चालवून आलेली माणसं संस्थापकांच्या मदतीला असतात. पण महिन्याला एक कॉल आणि दोन-चार ओळखी एवढ्यावर मदत थांबली, तर तिचा उपयोग बेताचाच. तुम्ही पहिल्याच बैठकीत बँक स्टेटमेंट मागता.

त्यावरून तुम्ही 13 आठवड्यांची रोकड शीट, म्हणजे दर आठवड्याला किती पैसे येतील-जातील याचा तक्ता, बसवता. आडवे आठवडे, उभ्या ओळी: सुरुवातीची शिल्लक, वसुली, पगार, व्हेंडर, जीएसटी, टीडीएस, पीएफ, भाडं, अखेरची शिल्लक. दर सोमवारी मागच्या आठवड्याचा खरा आकडा अंदाजाशेजारी भरायचा आणि फरक का पडला हे एका ओळीत लिहायचं. महिन्याच्या एमआयएसमध्ये (व्यवस्थापनासाठीच्या हिशेब अहवालात) 7 तारखेचा टीडीएस, 15 चा पीएफ आणि 20 चा जीएसटी एकाच रकान्यात विरघळतात. म्हणून महिनाअखेर नीट दिसणारी कंपनी तिसऱ्या आठवड्यात पगाराच्या पैशाला हात घालते. आठवड्याच्या शीटमध्ये तो खड्डा आधीच दिसतो.

सगळ्यात जास्त चूक वसुलीच्या ओळीत होते आणि तुम्ही सगळ्यात जास्त वेळही तिथेच देता. 1 लाखाचं बिल घ्या. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे ग्राहकाकडून येणं 1,18,000. व्यावसायिक सेवा म्हणून तो मूळ रकमेवर 10 टक्के टीडीएस कापतो, तेव्हा बँकेत येतात 1,08,000. त्यातले 18,000 सरकारचे. इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) बाजूला ठेवलं तर वापरायला उरतात 90,000. कापलेले 10,000 तोट्यातल्या कंपनीला रिटर्न भरल्यावर परताव्यातून मिळतात, म्हणजे पुढच्या वर्षी. संस्थापकांच्या शीटमध्ये मात्र बिलाच्याच महिन्यात 1,18,000 धरलेले असतात. त्यात ग्राहकाने 90 दिवसांनी पैसे दिले, तरी जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावाच लागतो, तो स्वतःच्या खिशातून. कमी दराने टीडीएस कापण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी घेऊन ठेवता येतं, हे सांगून न थांबता तुम्ही त्या अर्जासाठी लागणारे अंदाजपत्रक सीएबरोबर बसून तयार करून घेता.

बिल अडकण्याची कारणं तर अगदी साधी निघतात. पर्चेस ऑर्डरचा नंबर नाही, ग्राहकाच्या दुसऱ्याच राज्यातला जीएसटी क्रमांक टाकलाय, व्हेंडर नोंदणी अर्धवट आहे. बिल परत येतं आणि 30 दिवसांची मुदत नव्याने सुरू होते. उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक बिलावर छापायला तुम्ही लावता. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकवावं लागतं. 2023-24 पासून, मुदत टळली की पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट ग्राहकाला करात मिळत नाही. मार्चमध्ये हे त्याच्या अकाउंट्स विभागाला आठवण करून दिलं की फाईल हलते. तक्रारीचं पोर्टल आहे, पण ते ग्राहक सोडायची तयारी असेल तेव्हाच वापरावं, हा तुमचा सल्ला आम्हाला पूर्ण पटतो.

राउंडचे (गुंतवणुकीच्या फेरीचे) पैसे शीटच्या कोणत्या आठवड्यात धरायचे, हेही तुम्हीच लक्षात आणून देता. टर्म शीटवर (गुंतवणुकीच्या मुख्य अटींच्या कागदावर) सही झाली म्हणजे पैसे आले असं नाही. प्रायव्हेट प्लेसमेंटमध्ये (निवडक गुंतवणूकदारांना शेअर देताना) रक्कम वेगळ्या बँक खात्यात घ्यावी लागते, 60 दिवसांत शेअर वाटप करावं लागतं, वाटपानंतर 15 दिवसांत पीएएस-3 हा वाटपाचा फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरावा लागतो आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. गुंतवणूकदार परदेशी असेल तर वाटपापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेचा एफसी-जीपीआर फॉर्मही आला. रक्कम नेहमीच्या चालू खात्यात घेऊन तिच्यातून पगार केले, तर पुढच्या राउंडच्या ड्यू डिलिजन्समध्ये (गुंतवणुकीआधीच्या कागदपत्र तपासणीत) ते हमखास बाहेर येतं.

सगळ्यात मोठे आभार ईसॉप पूलबद्दल (कर्मचाऱ्यांना देण्यासाठी राखून ठेवलेल्या शेअरबद्दल), कारण तिथे तुमच्या फंडाचं आणि संस्थापकांचं हित एक नसतं. प्री-मनी (गुंतवणुकीआधीचं कंपनीचं मूल्य) 20 कोटी, गुंतवणूक 5 कोटी, आणि राउंडनंतर 10 टक्के पूल हवा अशी अट. पूल प्री-मनीतून काढला तर गुंतवणूकदाराकडे 20 टक्के राहतात आणि संस्थापकांकडे 70. तोच पूल राउंडनंतर सगळ्यांच्या वाट्यातून काढला, तर 18 आणि 72. हा हिशेब फंडाचा पगार घेणारी व्यक्ती स्वतःहून फळ्यावर मांडते, याचं मोल फार आहे. पुढच्या 18 महिन्यांत भरायच्या जागा लिहा, प्रत्येक जागेला किती ऑप्शन द्याल ते लिहा, बेरीज करा, असं तुम्ही सांगता. बेरीज 6 टक्के आली तर 10 कशाला द्यायचे, हा प्रश्न मग संस्थापक आधाराने विचारू शकतो. आणि त्याच बैठकीत तुम्ही बजावता, “या मुद्द्यावर मी समोरच्या बाजूची आहे, तुमचा स्वतःचा वकील घ्या.”

तुम्ही कोणती गोष्ट फंडाच्या पार्टनरना सांगणार आणि कोणती नाही, हे सुरुवातीलाच लेखी देता. मंजूर झालेल्या एमआयएसमधले आकडे जाणार. पगार थकण्याची शक्यता, कायद्याची चूक, पैशाची अफरातफर, हेही जाणार, पण आधी संस्थापकाला सांगून. सहसंस्थापकांमधली कुरबूर, मुलाखती घेतलेल्या उमेदवारांची नावं, अर्धवट कल्पना जाणार नाहीत. ही यादी नसेल तर संस्थापक बरे आकडे पुढे करतो, वाईट बातमी दडवतो, आणि मदत करणाऱ्याला खरा प्रश्न कळतच नाही. दुसऱ्या फंडांतल्या तुमच्या सहकाऱ्यांनीही ती द्यावी, अशी आमची मनापासून विनंती आहे.

शीट कंपनीच्या अकाउंटंटने सलग चार सोमवार एकट्याने भरली की तुम्ही त्यातून बाजूला होता, आणि वसुलीची ओळ तेवढी महिन्यातून एकदा पाहता. तेवढं पाहणं मात्र चालू ठेवा, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
पुण्यातले काही संस्थापक