पुतळ्याशेजारी चार ओळी हव्यात

महोदय,

जागतिक राजकीय नेत्यांचे मेणाचे पुतळे पाहण्यासाठी आता लंडनची वारी करावी लागत नाही. लोणावळ्यात, कोलकात्याच्या न्यू टाऊनमध्ये, कन्याकुमारीला अशी संग्रहालये आहेत आणि सुट्टीत शाळांच्या सहली व कुटुंबे हौसेने ती पाहायला जातात. आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस म्हणून मला याचा आनंदच वाटतो. मात्र या संग्रहालयांत नेत्यांचे पुतळे ज्या प्रकारे मांडले जातात, त्याविषयी काही गंभीर मुद्दे आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटतात.

ही कला नावारूपाला आली तीच राजकारणाच्या धामधुमीत. 1761 साली स्ट्रासबर्ग येथे जन्मलेल्या मारी ग्रोशोल्ट्झ, म्हणजे पुढच्या मादाम तुसाँ, यांनी फिलिप कर्टियस यांच्याकडे मेणकाम शिकून घेतले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गिलोटिन या शिरच्छेदाच्या यंत्राखाली गेलेल्यांच्या चेहऱ्यांचे साचे आपल्याला घ्यावे लागले, असे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत सांगितले आहे. 1802 साली त्या पुतळे घेऊन इंग्लंडला गेल्या, गावोगाव प्रदर्शने भरवली आणि 1835 मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर कायमचे दालन थाटले. छायाचित्रे नव्हती त्या काळात सामान्य माणसाला राजा, सेनापती किंवा क्रांतिकारक प्रत्यक्ष दिसतो कसा, हे कळण्याचे हे एक मोठे साधन होते. चेहरा दाखवणे हीच तेव्हा बातमी होती. आज मंडेला काय किंवा चर्चिल काय, कोणाचाही चेहरा मोबाइलवर क्षणात दिसतो. त्यामुळे नुसता चेहरा दाखवून संग्रहालयाचे काम आता संपत नाही.

कारागिरीला मात्र मनापासून दाद द्यावी लागेल. नेत्याच्या अंगाची शेकडो मापे घेतली जातात, मातीत चेहरा घडवला जातो, साचा काढून त्यात मेण ओतले जाते आणि थंड होताना मेण आकसते म्हणून मूळ प्रतिमा किंचित मोठीच ठेवावी लागते. डोक्यावरचा केस न् केस सुईने एकेक करून खोचतात आणि कातडीचा रंग अनेक पातळ थरांत चढवतात. अशा एका पुतळ्याला कित्येक महिने लागतात. एवढी मेहनत ज्या पुतळ्यामागे आहे, त्याच्या पायाशी मात्र बहुतेक वेळा फक्त नावाची पाटी असते, आणि तीही इंग्रजीत. अशाच एका संग्रहालयात एका मुलीने नेल्सन मंडेलांकडे बोट दाखवून ‘बाबा, हे कोण?’ असे विचारले, तेव्हा वडिलांनी पाटी वाचून नाव सांगितले आणि तिला पुतळ्याशेजारी उभी करून फोटो काढला. सत्तावीस वर्षांचा तुरुंगवास, वर्णद्वेषी राजवटीचा शेवट, 1994 चे राष्ट्राध्यक्षपद, यांतला एक शब्दही तिथे लिहिलेला नव्हता. दोष वडिलांचा नाही. मुलीने योग्य प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर देणे हे संग्रहालयाचे काम होते.

संदर्भाशिवाय पुतळा उभा केला की काय होते, याचे अतिशय क्लेशदायक उदाहरण इंडोनेशियातील योग्यकार्ता येथे घडले. तेथील एका संग्रहालयात हिटलरचा पुतळा आणि त्यामागे ऑशविट्झ छळछावणीचे भव्य चित्र होते, आणि तरुण मुले त्यापुढे हसत सेल्फी घेत होती. जगभरातून संताप व्यक्त झाल्यावर नोव्हेंबर 2017 मध्ये तो पुतळा हटवण्यात आला. याउलट बर्लिनमध्ये 2008 साली मादाम तुसाँचे दालन उघडले, तेव्हा हिटलर बंकरमधल्या टेबलामागे खचून बसलेला दाखवला होता आणि त्याच्यासोबत छायाचित्र काढण्यास मनाई होती. तरीही पहिल्याच दिवशी एका माणसाने अडथळा ओलांडून त्या पुतळ्याचे शिर उखडले. लोकांच्या जखमा किती ओल्या असतात, हे त्यावरून दिसते. माझ्या मते बर्लिनची मांडणी प्रामाणिक होती, कारण पराभूत हुकूमशहाचे ते दृश्य स्वतःच काही सांगत होते.

पुतळे हटवण्याच्या पद्धतीबद्दलही बोलले पाहिजे. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च 2022 मध्ये पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयाने पुतिन यांचा पुतळा गोदामात हलवला. हा निर्णय मला समजतो. पण 2020 च्या अमेरिकी निवडणुकीच्या तोंडावर बर्लिनच्या संग्रहालयाने ट्रम्प यांचा पुतळा कचऱ्याच्या पेटीत ठेवला, हे मला अजिबात पटले नाही. नेता कोणत्याही पक्षाचा असो, संग्रहालयाने प्रचारात उतरू नये. पुतळा काढायचाच असेल, तर तो कधीपासून कधीपर्यंत उभा होता आणि का काढला, याची नोंद त्या जागी राहिली पाहिजे. गांधीजींचा मेणाचा पुतळा लंडनच्या मादाम तुसाँ संग्रहालयात 1939 साली उभा राहिला, म्हणजे त्यांचा लढा चालू असताना, साम्राज्याच्या राजधानीत. हे एक वर्ष पाटीवर असले, तरी पाहणारा माणूस दोन मिनिटे अधिक थांबेल.

म्हणून आपल्या राज्यातील अशा संग्रहालयांच्या चालकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक राजकीय नेत्याच्या पुतळ्याशेजारी त्याचा देश, सत्तेचा काळ, त्याने केलेले काम आणि त्याच्यावरचे आक्षेप, हे सांगणाऱ्या चार ओळी मराठीत लावाव्यात. मजकूर इतिहासाच्या जाणकारांकडून तपासून घ्यावा आणि पाटी मुलांच्या नजरेच्या उंचीवर असावी. पर्यटन विभागाने आणि सहली नेणाऱ्या शाळांनीही याचा आग्रह धरावा.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, तळेगाव दाभाडे