आयसीयूतल्या नाइट ड्युटीच्या सिस्टरला

सिस्टर, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं म्हणून इथंच लिहून राहिले. नागपुरातलं कोणी ओळखत असेल तर त्यांच्यापर्यंत पोचवा प्लीज.

माझा लहान भाऊ मे महिन्यात तुमच्याकडे अ‍ॅक्युट पॅन्क्रियाटायटिसने अ‍ॅडमिट होता. पित्ताशयातला खडा नळीत अडकला आणि स्वादुपिंड सुजलं, पोट टम्म, नाकात नळी, आणि त्यात रात्री म्हणायला लागला, "मले दिसून नाही राहिलं." कोणी म्हणे पेनकिलरची गुंगी, कोणी म्हणे अशक्तपणा, उतरेल सकाळपर्यंत. तुम्ही एकट्या थांबल्या. एकेक डोळा तळहाताने झाकून बोटं मोजायला लावली, सलाईनच्या बाटलीवरचं वाचायला लावलं, तर तो म्हणाला, "सिस्टर तुमच्या हातातलं घड्याळ कडेनं दिसते, तुमचं तोंडच नाही दिसत, मधातलं सगळं पुसल्यासारखं." डोळे वरून एकदम चांगले होते, ना लाली ना दुखणं, तरी तुम्ही तेव्हाच डोळ्याच्या डॉक्टरांना कॉल लावला.

त्यांनी थेंब टाकून आत पाहिलं तर दोन्ही पडद्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके आणि थोडं रक्त. पुर्चरसारखी रेटिनोपॅथी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार, म्हणाले. ओटमार पुर्चर नावाच्या ऑस्ट्रियाच्या डॉक्टरने १९१० मध्ये झाडावरून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसात असं पाहिलं होतं, तसंच मार न लागता पॅन्क्रियाटायटिसमध्येही होतं, पण फार क्वचित. सुजेमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात असं त्यांनी समजावलं.

याच्यावर खात्रीचं औषध नाही, स्टिरॉइड कोणी देतात कोणी नाही, मूळ आजार सांभाळायचा आणि वाट पाहायची. म्हणून तुम्ही डोळे वाचवले असं मी म्हणणार नाही, तुम्ही केलं ते वेगळं होतं. तो सारखा नाकातली नळी ओढायचा, हात बांधायची गोष्ट चालली होती. तुम्हाला कळलं की आपल्याला कोण हात लावून राहिलं हेच त्याला दिसत नाही म्हणून तो घाबरतो. मग दरवेळी आधी नाव सांगायचं, खांद्याला हात लावायचा, आता सुई टोचते म्हणून बोलायचं, आणि पुढच्या शिफ्टसाठी फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, पेशंटला दिसत नाही, सांगून मगच हात लावा. त्यानंतर त्याने नळीला हात नाही लावला!! हे कोणत्याच बिलात येत नाही सिस्टर.

ठिपके काही महिन्यांत विरले. उजव्या डोळ्याने वाचता येते, डाव्यात मधात धूसर आहे अजून, ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, करतच असतो. गांधीबागेत कापडाच्या दुकानात परत बसतो, कापडावरच्या किमतीच्या चिठ्ठ्या स्वतः वाचतो. तुमचा आवाज कुठंही ओळखीन म्हणतो, चेहरा त्याने पाहिलाच नाही ना. आई म्हणते सिस्टर सापडली तर जेवायलाच बोलव, मानेवाड्याला घर आहे आमचं, नक्की या.