कानयंत्र डबीतून काढा

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, परवा फोनवर विचारलंस ते डोक्यात राहिलं. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी बाबांना ती आठवणीची गोळी, शेजारच्या काकूंची डोनेपेझिल, सुरू करायची का? म्हणजे त्यांचं आबाकाकांसारखं होणार नाही. काकांची ती रात्र मी कशी विसरेन! खुब्याचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस, त्यांनी सलाईन उपटलं आणि ‘साडेपाचची एस्टी चुकेल’ म्हणून माझ्याकडे चपला मागत बसले. आजी असती तर म्हणाली असती, वात झालाय.

तुझं काही चुकलं नाही हं. मोठमोठ्या डॉक्टरांनाही हेच सुचलं होतं. मेंदूत निरोप पोचवणारं अॅसिटिलकोलिन नावाचं द्रव्य ऑपरेशनच्या धक्क्याने कमी पडतं आणि माणूस बरळतो, असा अंदाज. ते द्रव्य तोडणाऱ्या एन्झाइमला ही औषधं अडवतात. हिशेब कागदावर जुळतो. पण २००९ साली हृदयाचं ऑपरेशन होणाऱ्या १२० वयस्कर रुग्णांवर याच जातीचं रिव्हास्टिग्मिन तपासलं, तर औषधवाल्यांत ३२ टक्के बरळले आणि बिनऔषधवाल्यांत ३०. पुढच्या वर्षी नेदरलँड्समध्ये आयसीयूतल्या, आधीच भ्रम झालेल्या रुग्णांना ते दिलं. ५४ पैकी १२ दगावले. नुसत्या खोट्या औषधावरच्या ५० पैकी ४. योगायोगही असेल, पण अभ्यास मध्येच थांबवावा लागला. म्हणून आपल्या मनाने गोळी नको.

काकूंनी मात्र त्यांची गोळी ऐकीव माहितीवर बंद करू नये. उद्या त्यांचं ऑपरेशन ठरलंच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती आधी सांगायची, कारण स्नायू ढिले करणाऱ्या एका इंजेक्शनचा अंमल तिच्यामुळे लांबू शकतो.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. सर्दी झाली की तुम्ही घेता ती झोप आणणारी गोळी याच अॅसिटिलकोलिनच्या मुळावर येते. ती पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा. चष्मा बरोबर घ्या. रात्री जागरण नको, दिवसा उजेडात बसायचं, लवकर उठून चालायचं. पहिल्या दोन रात्री तुमच्याजवळ मी थांबणार. आई घरी झोपेल, यावर वाद नको.

आणि सुपारीच्या डबीत ठेवलेलं ते कानयंत्र बाहेर काढा. अर्धवट ऐकू आलं की रात्री माणूस जास्तच गोंधळतो. शिट्टी वाजते म्हणता ना? साचा सैल झाला असेल. शनिवारी येतेय, तेव्हा बदलून आणू.

तुमची,
ताई