त्याला बोलवा आणि विचारा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं जमत नाही. दादाचं नाव निघालं की बाबा, तुम्ही विषय बदलता, आणि आई, तू "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवतेस. म्हणून लिहायला बसले.

गेले आठ दिवस रात्री शेक्सपिअरचं 'ऑथेलो' पुन्हा वाचते आहे. बाबा, तुमचीच प्रत, पेन्सिलीच्या खुणा असलेली. देवलांनी १८९० मध्ये याच नाटकाचं 'झुंझारराव' केलं आणि संशयावरचं, पण पोट धरून हसवणारं 'संशयकल्लोळ'ही त्यांचंच, हे आम्हा दोघांना पहिल्यांदा तुम्हीच सांगितलंत. तुम्ही म्हणायचा, 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव मनात आलेला संशय घरभर ओरडून सांगतो, म्हणून सगळं वेळेत उघड्यावर येतं. झुंझारराव मनात ठेवून कुढतो. तेव्हा ते नुसतं ऐकलं होतं. आता तेच वाक्य सारखं आठवतं.

तुमच्या सगळ्यात जास्त खुणा तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात आहेत. प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेलोचा बायकोवर, डेस्डिमोनावर जीव आहे, आणि संपतो तेव्हा तो गुडघे टेकून सुडाची शपथ घेतो आणि तिच्याशी ज्याचं नाव जोडलं जातं तो त्याचा सहकारी कॅसिओ तीन दिवसांत मेलेला हवा म्हणून सांगतो. मधे घडतं काय? एक रुमाल खाली पडतो, बाकी नुसतं बोलणं. कॅसिओ डेस्डिमोनाचा निरोप घेऊन लांबून निघून जातो आणि ऑथेलोच्या हाताखालचा इयागो पुटपुटतो, "हे काही मला बरं दिसलं नाही." काय म्हणालास, असं विचारल्यावर म्हणतो, काही नाही. मग ऑथेलोचेच शब्द त्याला परत करत राहतो. "प्रामाणिक?" "प्रामाणिक, महाराज?" "तुला काय वाटतं?" "वाटतं, महाराज?" सुरुवातीला आरोप असा तो करतच नाही. उलट मत्सरापासून जपा म्हणून बजावतो. आणि मग हळूच आठवण देतो, की तुमच्याशी लग्न करताना तिनं बापाला फसवलं होतं. ते खरंच होतं, म्हणून तर जास्त लागलं.

बाबा, दादाबद्दल तुम्हाला पहिल्यांदा ज्यांनी सांगितलं, त्यांचं बोलणं तुम्हीच मला ऐकवलं होतंत. "मला काही म्हणायचं नाही हो, पण घराच्या कागदांची चौकशी चाललीय म्हणे." मग चार दिवस ते काही बोलले नाहीत. मग, "जाऊ द्या, तुम्हाला त्रास होईल." मग तुम्हीच खोदून खोदून विचारायला लागलात. मी त्यांना इयागो म्हणत नाही. त्यांच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही, कदाचित तुमच्या काळजीनंही बोलले असतील, आणि न विचारता त्यांच्यावर काही ठेवलं तर मी तेच करेन जे दादाच्या बाबतीत झालं. पण त्या दिवसापासून दादाची प्रत्येक गोष्ट तुम्हाला वेगळी दिसायला लागली, एवढं मला दिसतं. तो आला तर कागदांसाठी आला, नाही आला तर तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून आला नाही. इयागोची बायको एमिलिया म्हणते ना, मत्सरी माणसाला कारण लागत नाही, मत्सर स्वतःच्याच पोटी जन्म घेतो. तुम्ही त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या आहेत.

दादा चुकला नाही असं मी म्हणत नाही. कागद कशाला हवेत, असं तुम्ही विचारलंत तेव्हा त्यानं टाळाटाळ केली. डेस्डिमोनाही तेच करते. ऑथेलोनं दिलेला रुमाल हरवलाय हे तिला माहीत असतं, पण ऑथेलोचा चढलेला आवाज ऐकून ती घाबरते आणि म्हणते, "हरवलेला नाही." घाबरून बोललेलं एवढंसं खोटं, आणि समोरच्याला तोच पुरावा वाटतो. तुमचा आवाज चढला की आम्ही दोघंही लहानपणापासून असेच गप्प होतो, बाबा. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आई, तुझ्याविषयी लिहिताना हात अडखळतो. एमिलियाला रुमाल सापडतो, नवऱ्यानं सारखा मागितला होता म्हणून ती तो इयागोला देते, आणि इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. पुढे डेस्डिमोना तिलाच विचारते, कुठे पडला असेल गं? आणि ती म्हणते, मला माहीत नाही बाईसाहेब. ती दुष्ट नाही. घरात उगाच वाढायला नको, एवढंच तिच्या मनात असणार. शेवटी सगळं सगळ्यांदेखत सांगते, जीव गमावून सांगते, पण तोवर डेस्डिमोना गेलेली असते. त्या दिवशी दादा स्वयंपाकघरात तुझ्यापाशी बराच वेळ बोलत बसला होता. कागदांचं खरं कारण तुला माहीत आहे. बाबांना त्रास नको म्हणून तू गप्प आहेस हे मला कळतं, आणि तुझ्यावर राग नाही. पण आठ महिने झाले, आई.

या खेपेला वाचताना एक गोष्ट नव्यानं लक्षात आली. पहिल्या अंकात व्हेनिसच्या दरबारात ऑथेलोवरच आरोप होतो, की यानं जादूटोणा करून मुलीला भुलवलं. तेव्हा तो चिडत नाही. म्हणतो, तिला बोलवून घ्या, तिच्या वडिलांसमोर तिलाच बोलू द्या. ती येते, बोलते, आणि प्रकरण तिथंच मिटतं. पाचव्या अंकात डेस्डिमोना त्याच माणसाला तेच सांगते, त्याला बोलवा आणि विचारा. कॅसिओला एकदा विचारा. ऑथेलो म्हणतो, त्यानं कबूल केलंय. कॅसिओनं काही कबूल केलेलं नसतं, ते इयागोनं सांगितलेलं असतं. ती मेल्यावर मात्र तो कॅसिओला विचारतो, हा रुमाल तुझ्याकडे आला कसा? कॅसिओ एका वाक्यात उत्तर देतो, माझ्या खोलीत सापडला. बाबा, त्या पानावर तुमची एकही खूण नाही. मी काल तिथं पेन्सिलीनं रेघ मारली आहे.

मी दादाला विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. पण ते मी इथं लिहिणार नाही, माझ्याकडून कळलं तर तुमच्यासाठी तेही ऐकीवच ठरेल. त्याच्या तोंडून ऐका. पटलं नाही तर तसं त्याच्या तोंडावर सांगा, ओरडा हवं तर, फाल्गुनरावासारखे. तो ऐकून घेईल, मी त्याच्याकडून तसं वचन घेतलंय.

रविवारी सकाळी तो घरीच असतो. फोन तुम्ही करा बाबा, आईला करायला लावू नका. आणि आई, ते बोलत असताना तू आत जाऊ नकोस, तिथंच बसून राहा.

पुस्तक पुढच्या वेळी येताना घेऊन येते. गोळ्या वेळेवर घ्या दोघंही.

तुमची,
धाकटी