डब्याचा वास कसला होता?

मिरज

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच कट केला. आई म्हणाली, पोरगी एवढ्या हौसेनं दाखवत होती आणि तुम्ही अंगावर धावून गेलात. खरं आहे. पण तो जुन्या फिल्मचा गंजका डबा तू चमच्यानं उचकटत होतीस आणि मागे गॅस चालू दिसत होता. तिथं माझं डोकं फिरलं.

आधी एवढंच सांग, वास कसला आला? तू ‘विचित्र’ म्हणालीस. व्हिनेगरसारखा आंबट असेल तर ॲसिटेट, म्हणजे न भडकणारी ‘सेफ्टी’ फिल्म. फिल्म वाया गेली असेल, पण घर पेटवणार नाही. नायट्रेट म्हणजे जुनी, भडकन पेटणारी फिल्म. कडेला बारीक अक्षरात ‘सेफ्टी’ किंवा ‘नायट्रेट’ छापलेलं असतं, ते बघ. नको, बघू नकोस. डबा पुन्हा उघडूच नकोस.

पोस्टरं, फोटो सेट, गाण्यांच्या चोपड्या, याला मी कधी नावं ठेवली? (ठेवली, तुझ्या घरभाड्याचा विषय निघाला तेव्हा. ते सोड.) प्रभातची तुतारीवाली छापलेली पुस्तिका तू मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर घासाघीस करून आणलीस, तेव्हा तिचा फोटो मी चार घरी दाखवून आलो. ‘आलम आरा’ची प्रिंट आज कुठंच नाही, उरलेत ते फोटो आणि जाहिरातीचे कागद, हे मला तूच सांगितलंस. मी तीस वर्षं सिनेमा दाखवला, पण एक कागद जपला नाही. कागदाला कसर लागली तर एक पोस्टर जातं. रिळाचं तसं नाही गं.

मी 1974 ला टॉकीजच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये लागलो तेव्हा नायट्रेटचे दिवस सरले होते. कोडॅकनं ते बनवणं 1951 च्या सुमारास थांबवलं. पण मला काम शिकवणाऱ्या उस्तादांची सवय गेली नव्हती. पेटी आली की प्रत्येक डब्याचं झाकण उघडून आधी हुंगायचे. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं चिकटलेली होती. रीळ प्रोजेक्टरच्या गेटमध्ये अडकलं, कार्बनच्या दिव्याचा झोत एका जागी पडला आणि भपका उठला. पाण्यात बुडवलं तरी ते जळत राहतं, कारण लागणारा प्राणवायू त्याच्यातूनच सुटतो. म्हणून प्रत्येक खेळाआधी ते मला भिंतीतल्या झरोक्यांच्या झडपा पाडून बघायला लावायचे. म्हाताऱ्याचं खूळ, असं मी म्हणायचो. आता मीच तसा म्हातारा झालोय.

तुझा तरी काय दोष? उन्हाळ्याच्या सुट्टीत तू पेट्यांवर झोपायचीस, आणि तुटलेल्या फिल्मचे मी कापलेले तुकडे फ्रॉकच्या खिशात भरून न्यायचीस. अंगणात उभी राहून उन्हाकडे धरायचीस. एकदा हेलनचा तुकडा सापडला म्हणून जेवली नव्हतीस. हा नाद मीच लावला.

पण पिल्लू आता रांगायला लागलंय. डबा पाळण्याशेजारच्या कपाटात आहे ना? सडलेलं नायट्रेट चाळीस अंशांच्या आसपासही आपोआप पेटू शकतं. पुण्यात 2003 च्या जानेवारीत आग लागली ती चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेटच्याच साठ्याला, आणि तिथं तर सगळी जाणती माणसं. तू सातव्या मजल्यावर. पुन्हा तेच सांगतोय, राग मानू नकोस.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोन कर. 1964 पासून त्यांचं हेच काम. आधी विचार, मग ते सांगतील तसं कर. लोकलमधून किंवा एसटीतून डबा घेऊन अजिबात निघू नकोस. तोवर घराबाहेर, सावलीत ठेव. झाकणाला चिकटपट्टी लावू नकोस, आत वायू कोंडतो. दिलेले पैसे गेले तर जाऊ देत, निम्मे मी देतो. जावईबापूंना हे पत्र दाखवू नकोस, ते आधीच हसतात मला.

माळ्यावर काचेच्या स्लाइडा सापडल्या. ‘मध्यंतर’ लिहिलेली एक आहे, कडा फुटलीय. टॉकीज पाडलं त्या दिवशी मी खिशात टाकली होती, कुणाला बोललो नाही. राखीला येशील तेव्हा ने.

डब्याचं मी आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, आपलं पैशावरून वाजलं. तुझ्या गॅलरीत दुपारचं ऊन कुठल्या बाजूनं येतं, ते आजच कळव.

तुझे
बाबा