नौपाड्यातील त्या संगणक दुरुस्ती करणाऱ्या दादांचे आभार

वळिवाच्या पावसात आमच्या इमारतीजवळ वीज कोसळली आणि वडिलांचा संगणक कायमचा बंद पडला. भिंतीवरचे बटण बंद होते, तरी इंटरनेटच्या तांब्याच्या केबलमधून विजेचा दाब आत शिरला आणि मदरबोर्ड जळाला. मासुंदा, कचराळी, उपवन अशा ठाण्यातील तलावांवर वडिलांनी निवृत्तीनंतर जमवलेल्या सगळ्या नोंदी त्याच यंत्रात होत्या.

नौपाड्यातील एका छोट्या दुकानातील दादांनी नवा संगणक विकण्याची घाई केली नाही. आधी त्यांनी जुनी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, ती शाबूत असल्याची खात्री केली आणि वडिलांना शेजारी बसवून एकेक फाइल उघडून दाखवली. त्या क्षणी वडिलांच्या चेहऱ्यावर उमटलेला दिलासा मी विसरू शकत नाही.

वडिलांची बोटे ज्या कीबोर्डला सरावली आहेत, त्याची गोल पिन नंतर घेतलेल्या नव्या यंत्रात बसेना, तेव्हा दादांनी खणातून ती पिन बसवणारी एक जोडणी शोधून दिली, पुसट झालेली देवनागरी अक्षरे नव्याने चिकटवली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. घरी येऊन अर्थिंगही तपासले. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवा, कारण थेट पडलेली वीज स्पाइक गार्ड (विजेचा अचानक वाढलेला दाब रोखणारा बोर्ड) अडवू शकत नाही, असे त्यांनी बजावले.

दादा, आपण वडिलांचे काम वाचवलेत. आम्ही सर्व कुटुंबीय आपले मनापासून ऋणी आहोत.