रजिस्टर उघडून देणाऱ्यांचे आभार

मुंबईत जुनी मृत्यूनोंद शोधणाऱ्यांना वाट दाखवणाऱ्या सगळ्या अनाम हातांचे मनापासून आभार.

पहिले आभार वॉर्ड ऑफिसच्या खिडकीमागच्या बाईंचे. त्या आधी एकच विचारतात, ‘मृत्यू कुठे झाला?’ माणूस राहायला बोरिवलीला असला आणि गेला परळच्या केईएम रुग्णालयात, तर नोंद एफ दक्षिण वॉर्डात. निम्मे हेलपाटे इथेच वाचतात.

मग रेकॉर्डरूममधल्या काकांचे. डिसेंबरअखेरच्या मृत्यूसाठी ते पुढच्या वर्षाचं रजिस्टरही काढतात, कारण नोंदवायला २१ दिवसांची मुदत असते. पिवळ्या पानावर बोट फिरवत ‘गंगूबाई’ नाही सापडली, की स्वतःहून ‘गंगाबाई’ बघतात, मग नुसतं आडनाव, मग नवऱ्याचं नाव. असा शोध संगणक करत नाही!

स्मशानातल्या कारकुनांचेही. त्यांची पावती म्हणजे दाखला नव्हे, पण तारीख पक्की होते, आणि तारीख हाती असली की शोध दोन-चार पानांवर येतो.

नोंद मिळालीच नाही, तर हात हलवत परत न पाठवता ‘अनुपलब्धता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे नोंद सापडत नाही असं लिहून देणाऱ्या कागदासाठी, अर्ज करा’ म्हणून सांगणाऱ्यांचे विशेष आभार. वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही, आणि तिथे हाच कागद आधी मागतात. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, कायद्यानेच ते देता येत नाही, हेही ही माणसं रोज न चिडता समजावतात. त्याबद्दल तर दंडवतच.